शर्यतीच्या घोड्यातील भागीदारी

शर्यतीचा एक घोडा चारचौघांनी मिळून घ्यायचा, त्याच्या चंदीचा म्हणजे खुराकाचा, शिकवणीचा आणि औषधपाण्याचा खर्च ठरल्या वाट्याने भरायचा आणि बक्षीस आलेच तर तेही त्याच वाट्याने घ्यायचे, या व्यवहाराला घोड्यातील भागीदारी म्हणतात. रेसच्या मैदानावर 'सिंडिकेट' हा शब्द चालतो. भागीदार दोन असतात, दहा असतात, कधी पन्नासही. घोडा एकच.

पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या जुन्या मध्य प्रांताच्या मुलखात मालगुजारी होती तेव्हा अख्खे गावच आण्यांत वाटलेले असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण गाव. कुणाचा आठ आणे हिस्सा, कुणाचा चार, कुणाचा पोटवाटणीत उरलेला एक आणा काही पै. सरकारात सारा भरायला सगळे हिस्सेदार जात नसत. त्यांच्या वतीने लंबरदार भरायचा आणि जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर. १९५१ साली मालगुजारी गेली, पण सामाईक सातबाऱ्यावरचा हिस्सा सांगताना तोंडी आणे अजून येतात. (पिकाची आणेवारी वेगळी, ती आता पैसेवारी झाली.) वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा ज्याचा तो भरायचा, तिथे लंबरदार हा शब्द फारसा भेटणार नाही. सिंडिकेटचा मॅनेजर म्हणजे हाच लंबरदार. रेस भरवणाऱ्या क्लबात नाव त्याचे, ट्रेनरशी बोलणे त्याचे, बिल आधी त्याच्या हातात आणि मग बाकीच्यांकडे वसुली.

एक फरक मात्र मुळातला आहे. वावरावरून भावाभावांत वाजले तर मोजणी आणून मधे धुरा म्हणजे बांध घालता येतो. घोड्याच्या पाठीवर धुरा घालता येत नाही. म्हणून शेतीच्या वाटणीत जे शेवटी तलाठ्याकडे जाऊन सुटते, ते घोड्याच्या बाबतीत पहिल्या दिवशीच कागदावर यावे लागते.

जनावर

मैदानी रेसमध्ये धावतो तो थरोब्रेड जातीचा घोडा. ही जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन पूर्वेकडून आणलेले नर तिचे मूळपुरुष मानले जातात. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची ओळ या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळते. वंशावळीची छापील नोंद १७९१ पासून आहे. भारतातले असे नोंदणीपुस्तक पुण्यात ठेवले जाते. त्यात नाव नसलेला घोडा कितीही पळो, रेसमध्ये त्याला उभे करत नाहीत.

गावातल्या दवाखान्यात गाय फळवायला आता कुणी वळू शोधत नाही. डॉक्टर नायट्रोजनच्या डब्यातून वीर्याची कांडी काढतो आणि काम होते. थरोब्रेडला हे चालत नाही. कृत्रिम रेतनाने झालेले शिंगरू जगात कुठेच नोंदवून घेत नाहीत. त्यामुळे एका नामी घोड्याला हंगामात मोजक्याच घोड्या दाखवता येतात आणि त्या 'मोजक्या'त आपली एक असावी म्हणून माणसे हिस्सा घेतात. अमेरिकेत १९७३ साली सेक्रेटेरिएट या घोड्याचे असे ३२ हिस्से झाले, प्रत्येकी १,९०,००० डॉलरचे. ही पैदाशीतली भागीदारी झाली. धावत्या घोड्यातली भागीदारी वेगळी, तिच्यात धोका जास्त आणि अक्कल लावायला वाव कमी.

घोडी अकरा महिने गाभण असते. शिंगरू वर्षात कधीही जन्मो, उत्तर गोलार्धात त्याचे वय १ जानेवारीपासूनच मोजतात. डिसेंबरअखेर व्यालेल्या घोडीचे शिंगरू आठवड्यातच 'एक वर्षाचे' होते आणि पुढे आपल्याहून दहा-अकरा महिन्यांनी थोराड घोड्यांबरोबर पळते. घेताना हे विचारावे. दातावरून वय सांगणारा माणूस बैलबाजारात जेवढा कामाचा, तेवढाच इथेही, पण इथला निकाल दातावर नाही, कागदावर लागतो.

वाटा कशात असतो

पुष्कळांचा समज असा की वाटा म्हणजे बक्षिसातला वाटा. बक्षीस ही क्वचितची गोष्ट. आठ-दहा घोडे सुटतात, पहिला एकच येतो, पुढच्या तीन-चार जागांना उतरती रक्कम मिळते आणि उरलेले तसेच तबेल्यात परततात. बक्षीस आले तरी ट्रेनर, जॉकी आणि तबेल्यातल्या माणसांचा हिस्सा आधी निघतो. चंदी मात्र रोजची आहे. घोडा पळो, लंगडो, पावसाने रेस रद्द होवो, पहाटे चारला मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) उठतो, खरारा करतो, ओटचा डबा ठेवतो. महिन्याला ट्रेनरचे बिल येते, त्यात नालबंदी असते, डॉक्टर असतो, गाडीभाडे असते, रेसला नाव घालायची फी असते. भागीदार खरा होतो तो या बिलात. घोड्यात वाटा म्हणजे आधी चंदीत वाटा. बक्षिसातला वाटा नंतरचा, आलाच तर.

वेल्समधल्या केव्हन फॉरेस्ट या खाणकामगारांच्या वस्तीची गोष्ट या विषयात नेहमी सांगतात आणि ती सांगण्यासारखीही आहे. दारूच्या गुत्त्यावर काम करणाऱ्या एका बाईने ३५० पौंडांची घोडी घेतली, तिला फळवली आणि गावातल्या वीसेक जणांना आठवड्याला १० पौंड भरायला राजी केले. शिंगरू वाढले ते घरामागच्या भाजीच्या वाफ्यांशेजारी. त्याचे नाव ड्रीम अलायन्स. २००८ मध्ये धावताना पायाची शीर (टेंडन) फाटली. बहुतेक मालकांनी तिथेच गोळी घातली असती. यांनी उपचार केले, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो अडथळ्यांची वेल्श नॅशनल ही मोठी शर्यत जिंकला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा हिशेब कमी जण सांगतात. घोड्याने सगळ्या कारकिर्दीत सुमारे १,३८,००० पौंड मिळवले आणि खर्च जाऊन प्रत्येकाच्या हाती पडले १,४३० पौंड. लाखात एक घोडा जिंकला तेव्हाची ही शिल्लक आहे.

आपल्याकडचा अडसर आणखी वेगळा. बिल महिन्याचे आणि कास्तकाराचा पैसा वर्षाचा. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) होऊन कापूस वेचायला लागला की हातात पैसा खेळतो. मृगाच्या तोंडावर बियाणे-खताला उसनवारी सुरू असते. पुण्याचा रेसचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे पुण्यातली बिले नेमकी डवरणी-निंदणीच्या दिवसांत येणार. पगारदार मास्तर, दवाखानावाला डॉक्टर, जिनिंगवाला यांना हे झेपते. नुसत्या कोरडवाहूवर बसलेल्याने या फंदात पडू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शिवाय घोडा डोळ्यांसमोर नसतो. क्लबचा परवाना असलेल्या ट्रेनरकडेच तो ठेवावा लागतो. गोठ्यात बैलाशेजारी बांधून रेसला नेता येत नाही. विदर्भात परवान्याचे रेसकोर्स नाही. मुंबईचे महालक्ष्मी मैदान १८८३ पासूनचे, पुण्याचे त्याहून जुने, लष्करी छावणीतले. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस धरली की रात्रभराचा प्रवास. चंद्रपूर-बल्लारशाकडच्यांना हैदराबादचे मलकपेट जवळ पडते. दोन-अडीच मिनिटांच्या रेससाठी. भारतीय डर्बी २४०० मीटरची असते. ती १९४३ पासून सुरू आहे आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बहुधा महालक्ष्मीवर होते.

शेरगार

भागीदारीत किती मालक म्हणजे किती तोंडे, हे १९८३ साली आयर्लंडमध्ये दिसले. शेरगार हा घोडा १९८१ ची इंग्लिश डर्बी घोड्याच्या दहा लांबींनी जिंकला होता. एवढ्या अंतराने ती आधी कुणी जिंकली नव्हती. त्याची किंमत १ कोटी पौंड धरून ४० हिस्से केले गेले, दर हिस्सा अडीच लाखांचा. मूळ मालक आगाखान यांनी सहा ठेवले, ३४ विकले. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री बंदुका घेतलेली माणसे बॅलीमनी इथल्या पागेत शिरली आणि घोडा घेऊन गेली. सोबत मोतद्दारालाही नेले, त्याला पुढे रस्त्यात सोडून दिले. खंडणीचे फोन आले. पळवणाऱ्यांची समजूत अशी की मालक एक, गडगंज, पैसे टाकून मोकळा होईल. प्रत्यक्षात हिस्सेदार अनेक देशांत विखुरलेले, त्यांचे एकमत व्हायचे कसे? खंडणी दिली गेली नाही आणि घोडा पुन्हा कधी दिसला नाही. मागाहून विम्याचा घोळ निघाला: काहींनी चोरीचा विमा काढला होता, काहींनी फक्त मरणाचा. घोडा मेल्याचा पुरावा नाही, म्हणून दुसऱ्या गटाला नकार. एकाच घोड्याचे हिस्सेदार, पण कुणाला भरपाई, कुणाला नाही. विमा ज्याचा त्याने काढायचा की सगळ्यांचा मिळून, ही ओळ करारात का हवी ते यावरून समजते.

कागद

आपल्याकडे 'स्टॅम्पवर लिहून घेतले' की काम झाले असे मानतात. तो शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पाचशेचा झाला. बाकी समजूत तीच आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वस्तू सामाईक असली म्हणून आपोआप भागीदारी होत नाही, धंदा आणि नफ्याची वाटणी लागते. एकदा भागीदारी ठरली की देणे मात्र एकेकट्याकडूनही पुरते वसूल होऊ शकते: दोन आण्याच्या हिस्सेदाराकडे सोळा आण्याचे बिल येऊ शकते. नोंदणी नसलेल्या फर्मला कोर्टात बाहेरच्यावर करारातला हक्क सांगायला अडचण येते. भागीदारांची कमाल संख्या पन्नास.

प्राप्तिकराचे गणित मालकासाठी आणि पैज लावणाऱ्यासाठी वेगळे आहे. पैजेच्या जिंकीवर सरळ ३० टक्के कर लागतो. मालकाला मिळणारे बक्षीस त्यात येत नाही. पण १९६१ च्या कायद्याच्या कलम ७४अ ने त्यालाही खुंटीला बांधले. घोडा बाळगण्यातला तोटा फक्त घोडा बाळगण्याच्या उत्पन्नातूनच वजा होतो, दुकानाच्या किंवा पगाराच्या नाही, आणि पुढे ओढता येतो तो चारच वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्यामुळे ती निव्वळ जुगारात मोडत नाही. घरच्यांना हे पटवणे हा निराळा खटला.

'घोड्यात पैसे गुंतवा, महिन्याला ठरलेला परतावा घ्या' असे कुणी सांगत आले तर ती भागीदारी नव्हे. इमू आणि सागवानाच्या योजनांत ज्यांचे हात पोळले त्यांना ही भाषा ओळखू येईल. घोड्यात ठरलेला असतो तो खर्च.

पटाची जोडी

विदर्भात या व्यवहाराचा खरा सख्खा भाऊ शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत सापडतो. तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. भंडारा-गडचिरोलीकडे पट आला की दिवसा जोड्या आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, घरोघरी पाहुणे, आणि त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. पटाची जोडी नेहमी एकाच मालकाची नसते. एक बैल या गावचा, दुसरा त्या गावचा, छकडा तिसऱ्याचा आणि जोडी हाकणारा धुरकरी चौथाच. हिशेब दोनशे पानी वहीत: ढेप, सरकी, तुरीची चुनी, उडीद, अंडी, दूध, टेम्पोचे भाडे. ज्याच्या दुकानाच्या गल्ल्याखाली ती वही असते, तो या जोडीचा लंबरदार. कुणी महिनाभर पैसे दिले नाहीत की त्याच्या नावापुढे गोल काढलेला दिसतो, आणि पटाच्या दिवशी दोरी धरायला तोच सगळ्यांत पुढे असतो.

७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला त्या अटींवर भरवू दिल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हते, पण बैल खातच होते. वहीतली पुढची पाने फक्त खर्चाची. कुणी बैल औताला लावला, कुणी बाजार दाखवला. २०२० च्या टाळेबंदीत रेसच्या घोड्यांचे तेच झाले. फरक एवढाच की घोडा औताला लागत नाही.

म्हणून करारातले शेवटचे कलम बारकाईने वाचावे. थरोब्रेड दोन-तीन वर्षांचा असताना पळू लागतो आणि पाच-सहाव्या वर्षी बहुधा रेसमधून निघतो. जगतो मात्र पंचवीस वर्षांपर्यंत. घोडी असेल तर पैदाशीला जाते. खच्ची केलेल्या घोड्याला तीही वाट नाही. एखादी रायडिंग स्कूल घेते, नाही तर लग्नाच्या वरातीवाला. कुणीच घेतला नाही तर उरलेली वर्षे चंदी कोणत्या भागीदाराने, कुठल्या गोठ्यात आणि किती आण्यांनी घालायची, ते तिथे लिहिलेले असावे लागते.