कॅमफेड : ग्रामीण आफ्रिकेतील मुलींची शिष्यवृत्ती

खेड्यातल्या गरीब मुलींचे माध्यमिक शिक्षण मध्येच सुटू नये म्हणून सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शिष्यवृत्ती देणारी संस्था. ‘कॅम्पेन फॉर फीमेल एज्युकेशन’ हे तिचे मूळ नाव. अ‍ॅन कॉटन या वेल्श शिक्षिकेने 1993 मध्ये तिची स्थापना केली. सुरुवात झिंबाब्वेतील 32 मुलींपासून झाली. पुढे घाना, झांबिया, टांझानिया आणि मलावी येथे काम वाढले.

या कामाचे मूळ मोला या गावात आहे. झिंबाब्वेच्या उत्तरेला, करिबा जलाशयाच्या बाजूचा हा कोरडा मुलूख. येथील टोंगा लोक पूर्वी झांबेझी नदीकाठी शेती करून राहत. 1950 च्या दशकात करिबा धरण बांधले गेले, तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवरचे सुमारे 57,000 टोंगा विस्थापित झाले. गाळाची जमीन गेली आणि माळरान वाट्याला आले. कॉटन 1991 मध्ये येथे आल्या त्या अभ्यासासाठी. मुली शाळेत का येत नाहीत, याचे ठरलेले उत्तर तेव्हा असे होते, की पालकांना मुलींचे शिक्षण परंपरेमुळे नको असते. मोलातल्या पालकांशी बोलल्यावर वेगळेच चित्र दिसले. पैसे एकाच मुलाच्या फीपुरते असत आणि पुढे नोकरी मिळण्याची शक्यता मुलाला जास्त, म्हणून मुलगी घरी राही. तेथे त्यांना दोन बहिणीही भेटल्या. आपल्या भागातल्या शाळेपेक्षा मोलात फी कमी पडते म्हणून त्या सुमारे 100 किलोमीटर चालत आल्या होत्या. परंपरेच्या नावाखाली झाकली गेलेली गरिबी ओळखणे, हीच या संस्थेची खरी सुरुवात मानायला हवी. निधीसाठी कॉटन यांनी केंब्रिजमध्ये घरी केलेले केक विकले.

काळही कठीण होता. 1980 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर झिंबाब्वेने प्राथमिक शिक्षण मोफत केले होते आणि शाळांची संख्या झपाट्याने वाढली होती. 1990 च्या दशकातील आर्थिक पुनर्रचनेत सरकारी खर्चाला कात्री लागली आणि शाळेच्या खर्चाचा भार पुन्हा पालकांकडे सरकला.

फी भरली की काम संपले, असे खेड्यात होत नाही. प्राथमिक शाळा बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते, माध्यमिक शाळा नसते. मग वसतिगृह, नाहीतर शाळेजवळ भाड्याची खोली किंवा झोपडी. झिंबाब्वेत या दुसऱ्या सोयीला ‘बुश बोर्डिंग’ म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली तेथे स्वतःच रांधून, कोणाही मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय राहतात. कॅमफेडची मदत म्हणूनच फीबरोबर गणवेश, बूट, वह्या, सॅनिटरी पॅड आणि गरजेप्रमाणे राहण्याचा खर्च अशी एकत्र येते, आणि शक्यतो शिक्षणाचा टप्पा पूर्ण होईपर्यंत चालू राहते. एका सत्रापुरती मदत देऊन थांबणे मुलीच्या दृष्टीने जवळजवळ न देण्यासारखेच.

लाभार्थी मुलगी गुणांवरून निवडली जात नाही. शिक्षक, पालक, पारंपरिक मुखिया आणि शिक्षण व आरोग्य खात्याचे लोक यांच्या स्थानिक समित्या गरज पाहून नावे ठरवतात. कोणाचे छत्र हरपले आहे, कोणाच्या घरी यंदा पीक आले नाही, हे गावालाच ठाऊक असते. शाळेत एका शिक्षिकेकडे मुलींची विचारपूस करण्याची जबाबदारी असते. काही ठिकाणी मातांचे गट दुपारच्या जेवणासाठी धान्य, भाजीपाला पिकवतात.

शाळा संपलेल्या मुलींचे ‘कामा’ हे जाळे 1998 मध्ये उभे राहिले, आणि योजनेचा सर्वांत मोलाचा भाग तोच. यातील अनेक जणी ‘लर्नर गाइड’ म्हणून आपल्याच भागातल्या शाळेत परततात, अभ्यासात आणि अडचणींत धाकट्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात. व्यवसायासाठी त्यांना बिनव्याजी कर्ज मिळते. व्याज फेडायचे ते शाळेतल्या या सेवेच्या रूपात. अँजेलिन मुरिमिर्वा या सुरुवातीच्या 32 मुलींपैकी एक. झिंबाब्वेतल्या खेड्यात वाढलेल्या मुरिमिर्वा 2023 मध्ये संपूर्ण संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्याआधी 2020 मध्ये त्यांना आणि संस्थेच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी ल्यूसी लेक यांना शिक्षणक्षेत्रातील यिदान पुरस्कार मिळाला होता.

आता काही देशांनी माध्यमिक शाळेची फीच रद्द केली आहे : टांझानियाने 2016 मध्ये, घानाने 2017 मध्ये, झांबियाने 2022 मध्ये. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण देणगीवरची शिष्यवृत्ती सगळ्या मुलींपर्यंत कधीच पोहोचणार नव्हती. समितीच्या यादीत एक नाव आले की दुसरे राहून जाई. मात्र फी गेली तरी गणवेश, खोलीचे भाडे आणि जेवण हा खर्च कुटुंबाच्या गळ्यात राहतोच. या देशांत शिष्यवृत्तीचा पैसा आता प्रामुख्याने त्याकडे वळला आहे.