ओपॅकच्या पडद्यावरचा ‘विषय’

ओपॅक म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची संगणकावरची तालिका, म्हणजेच सूची. तिच्या शोधपडद्यावर लेखक, शीर्षक, विषय आणि कीवर्ड हे पर्याय असतात. पहिल्या दोघांबद्दल कुणाला शंका नसते. घोळ उरलेल्या दोघांचा आहे. ‘शेती’ हा शब्द कीवर्डमध्ये टाकला की पुस्तकांची रांग लागते. तोच शब्द ‘विषय’ निवडून टाकला, तर कित्येकदा पडदा कोराच राहतो. वाचकाच्या लेखी विषय म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते. तालिकाकाराच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याच्या लेखी मात्र विषय म्हणजे मान्य यादीतले विषयशीर्षक, तेही यादीत आहे त्याच रूपात. यादीने ‘कृषी’ हा शब्द स्वीकारला असेल, तर ‘शेती’ला तिथे थारा नाही.

ही शिस्त संगणकाने आणलेली नाही. लेखक, शीर्षक आणि विषय या तिन्ही वाटांनी पुस्तक सापडले पाहिजे, हे तत्त्व छापील तालिकेच्या नियमांत १८७६ पासून आहे. पुस्तकांच्या नोंदींची कार्डे ठेवलेल्या खणात ‘शेती – पहा : कृषी’ असे एक कार्ड असे आणि चुकलेला वाचक त्याच्या आधाराने योग्य जागी पोहोचत असे. तेवढेही नसले, तरी बोटांखालून शेजारची कार्डे सरकत राहत. ‘शून्य निकाल’ असे उत्तर कार्डांच्या खणाने कधी दिले नाही.

१९६०च्या दशकात आकाराला आलेला ‘मार्क’ हा ग्रंथनोंदींचा संगणकीय साचा सुरुवातीला मुख्यतः कार्डे छापण्याच्या कामी आला. त्यात विषयशीर्षकासाठी ६५० क्रमांकाचे क्षेत्र, म्हणजे नोंदीतला रकाना, ठरले, ते आजही तिथेच आहे. पुढे वाचकांसमोर टर्मिनल आले, तेव्हा पहिल्या पिढीच्या प्रणाली शब्द डावीकडून, पहिल्या अक्षरापासून जुळवून पाहत. काही ठिकाणी तर लेखकाच्या नावाची पहिली चार आणि शीर्षकाची पहिली चार अक्षरे एवढाच प्रश्न यंत्राला कळे, कारण साठवणूक महाग होती. ‘पहा’ची कार्डे या स्थलांतरात मागे राहिली. त्या संदर्भांच्या वेगळ्या फायली होत्या आणि अनेक प्रणालींनी त्या वाचकांच्या पडद्याला जोडल्याच नाहीत. खरे नुकसान इथे झाले असे मला वाटते, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

लोक ठाऊक असलेलेच पुस्तक शोधायला येतात, असा तोवर समज होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, विषयाने शोधणारे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. पण त्याच दशकात शीर्षकातला कुठलाही शब्द पकडणारा कीवर्ड-शोध आला. एका विद्यापीठाच्या तालिकेतील सहा वर्षांच्या शोधनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा विषयाचा वापर सतत घसरताना आणि शीर्षकातील शब्दांचा वाढताना दिसला. विषयाने शोधणाऱ्याच्या पदरी एक तर काहीच पडत नसे, नाही तर शेकडो नोंदी पडत. लोक कंटाळले, यात नवल नाही.

वेब आले, एकच चौकट असलेला पडदा रूढ झाला आणि खरा वाद पेटला. माणसांनी एकेक पुस्तक हाताळून विषयशीर्षके देणे खर्चिक आहे. वाचक तर ती वापरतच नाहीत, मग ती हवीत कशाला? २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या ग्रंथालयासाठी तयार झालेल्या अहवालाने ही शीर्षके देणे थांबवण्याची शिफारस केली. तिच्यावर कडाडून टीका झाली आणि ती योग्यच होती. त्याआधी वर्षभर, २००५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कीवर्ड-शोधाचे निकाल एकेक करून तपासले होते. विषयशीर्षके काढून टाकली असती, तर सरासरी एक तृतीयांशाहून अधिक निकाल हाती लागलेच नसते. कारण उघड आहे. कीवर्ड-शोध ६५० क्षेत्रातले शब्दही वाचतो. ज्या पुस्तकाच्या शीर्षकात विषयाचा मागमूस नाही, ते तालिकाकाराने लिहिलेल्या त्या एका ओळीमुळे सापडते. वाचकाने ‘विषय’ हा पर्याय निवडला नाही, म्हणून त्याने विषयशीर्षक वापरले नाही असे होत नाही.

त्याच २००६ पासून निकालांच्या बाजूला फिल्टर दिसू लागले. त्यातली विषयांची यादी याच शीर्षकांतून येते, फक्त तुकडे करून. ‘तत्त्वज्ञान – इतिहास’ म्हणजे तत्त्वज्ञानाचा इतिहास आणि ‘इतिहास – तत्त्वज्ञान’ म्हणजे इतिहासाचे तत्त्वज्ञान. शब्दांचा क्रम इथे अर्थ ठरवतो. फिल्टरमध्ये दोन्हींचे तेच दोन सुटे शब्द उरतात. सोय झाली खरी, पण अर्थ सांडला.

देवनागरीत शोधणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. मार्कच्या मूळ वर्णसंचात देवनागरी नव्हती, त्यामुळे नोंदी रोमन लिप्यंतरात गेल्या. युनिकोडने वाट मोकळी केली, तरी जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. मूळ लिपीतली जोड कुणीतरी द्यावी लागते.

‘पहा’चे संदर्भ आता काही प्रणालींत परतले आहेत. जिथे ते नाहीत, तिथे जाणकार ग्रंथपाल वेगळी वाट दाखवतात : आधी कीवर्डने उपयोगी पडेल असे एक पुस्तक गाठायचे, त्याची पूर्ण नोंद उघडायची आणि तिथल्या विषयशीर्षकावर क्लिक करायचे. ‘शेती’ टाकून आलेला वाचक मग ‘कृषी’खालच्या सगळ्या पुस्तकांपर्यंत पोहोचतो.