टीएमटी नॉर्मल होती, मग अटॅक आला कसा?

ठाण्यात उपवनच्या काठावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य अधूनमधून कानावर येतंच: "अहो, मागच्याच महिन्यात टीएमटी केली होती. एकदम नॉर्मल!" पुढचं सांगावं लागत नाही. मग लॅबवर संशय, मशीनवर संशय, कधी डॉक्टरांवरही. बहुतेक वेळा मशीन बरोबरच असतं. त्याला जे विचारलं, त्याचंच उत्तर त्यानं दिलेलं असतं.

टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर चालवत ईसीजी काढायची चाचणी. चालताना हृदयाला जास्त रक्त लागतं. एखादी रक्तवाहिनी साधारण 70 टक्के बुजलेली असेल, तर तेवढं रक्त पुढे पोहोचत नाही आणि ईसीजीत फरक दिसू शकतो. म्हणजे ही चाचणी कोंडी शोधते. अटॅक मात्र पुष्कळदा दरड कोसळून येतो. घोडबंदर रोड रोज तुंबतो, पण रखडत का होईना, चालू असतो. मुंब्रा बायपासवर पावसाळ्यात गाड्या सुसाट जात असतात आणि डोंगराचा भुसभुशीत भाग खाली आला की रस्ता बंद. आदल्या दिवशी तिथल्या गाड्यांचा वेग मोजून काय कळणार? डोंगर बघायला हवा होता.

हा भुसभुशीत भाग रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो. एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की चिकट, तेलकट गाभा तयार होतो आणि त्यावर तंतूंचं आवरण येतं. दोन्ही मिळून भिंतीत जो थर होतो, तो म्हणजे प्लाक. आवरण जाड असेल तर फारसं बिघडत नाही. ते 0.065 मिलिमीटरहून पातळ झालं, त्यात सूज असली, की फाटण्याची भीती. फाटलं की आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि बघता बघता गुठळी वाहिनी बंद करते. (सगळेच अटॅक असे येत नाहीत. काहींत आवरण शाबूत राहून फक्त वरचं नाजूक अस्तर खरवडलं जातं आणि त्यावर गुठळी धरते.)

यातली खरी फसवणूक अशी की वाहिनीची भिंत आधी बाहेरच्या अंगाला फुगते. आतली वाट बराच काळ मोकळीच राहते. साध्या अँजिओग्राफीत दिसते ती फक्त ही वाट, भिंत नव्हे. 1988च्या सुमारास काही डॉक्टरांनी अटॅक आलेल्या रुग्णांच्या जुन्या अँजिओग्राफी काढून पाहिल्या. जिथे पुढे गुठळी झाली, तिथे आधीचा अडथळा अनेकांत निम्म्याहूनही कमी होता. मोठं ब्लॉकेज निरुपद्रवी असतं असा याचा अर्थ नाही. एकास एक तुलना केली तर तेच जास्त धोक्याचं. पण लहान थर संख्येनं कितीतरी जास्त असतात.

मग भिंत बघायची कशी? सीटी अँजिओमध्ये, म्हणजे सीटी स्कॅनवर काढलेल्या अँजिओग्राफीत. आधी गोळी देऊन नाडी साठच्या आसपास आणतात, जिभेखाली औषधाचा फवारा देतात, आयोडीनचा डाय शिरेतून जातो तेव्हा अंगभर ऊब पसरते, आणि "श्वास रोखा" म्हणेपर्यंत चित्रं निघालेली असतात. त्यांत कॅल्शियम पांढरंशुभ्र दिसतं आणि तेलकट गाभा काळपट. धोका या काळपट भागात जास्त. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4146 रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या तपासणीला सीटी अँजिओची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यू 2.3 टक्के होते, दुसऱ्या गटात 3.9 टक्के. याचं श्रेय स्टेंटला नाही, कारण पाच वर्षांत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. थर डोळ्यांनी दिसल्यावर जास्त रुग्णांना वेळेवर औषधं सुरू झाली, हे मुख्य कारण मानलं जातं.

त्याहून बारीक बघायचं तर कॅथलॅबमध्ये ओसीटी. वाहिनीत बारीक तार सरकवून प्रकाशानं भिंत वाचायची. आवरणाची जाडीसुद्धा मोजता येते. पण निरोगी माणसाच्या हृदयात केवळ शंकेपोटी तार कोण घालणार?

आणि घातली तरी पेच सुटत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात 697 रुग्णांच्या वाहिन्या आतून तपासल्या होत्या. पातळ आवरणाचे 595 थर सापडले. पुढच्या तीनेक वर्षांत त्यातल्या फक्त 26 ठिकाणी त्रास झाला. बाकीचे गप्प बसले, काही आपोआप घट्टही होत असावेत. 2024 मध्ये 1606 रुग्णांच्या एका चाचणीत अशा थरांवर आधीच स्टेंट टाकून फायदा दिसला खरा, पण कुणाला स्टेंट बसला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यानं निकाल झुकू शकतो. तेवढ्या भरवशावर प्रत्येक संशयित थराला स्टेंट लावत सुटणं मला पटत नाही. थर एका जागी नसतो, तिन्ही वाहिन्यांत पसरलेला असतो. औषध मात्र सगळीकडे पोहोचतं.

आपल्याकडे हा विषय लवकर काढावा लागतो. 52 देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात (2004) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 59च्या सुमारास. सोसायटीच्या गेटवर लागणाऱ्या "फुल बॉडी चेकअप"च्या बॅनरवर टीएमटी हमखास असते. त्रास काहीच नसेल, पण वय चाळिशीपुढे, घरात कुणाला लवकर अटॅक आलेला, साखर किंवा बीपी काठावर, अशांनी टीएमटीपेक्षा कॅल्शियम स्कोअरबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं. यात साध्या सीटी स्कॅनवर हृदयाच्या वाहिन्यांतलं कॅल्शियम मोजतात, डाय लागत नाही. शून्य आला तर पुढची काही वर्षं धोका कमी, मात्र मऊ थर त्यात दिसत नाहीत, म्हणून सिगारेट ओढणाऱ्या तरुणानं शून्यावर निर्धास्त होऊ नये.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केल्यावर दर वर्षी हा स्कोअर करून घेणारेही भेटतात. आकडा वाढलेला पाहून घाबरतात आणि "गोळी लागू पडत नाही" म्हणून ती बंद करतात. प्रत्यक्षात स्टॅटिननं तेलकट गाभा आटतो, आवरण जाड होतं आणि थरात कॅल्शियम साचून तो टणक होतो. गोळी घेताना वाढलेला आकडा बऱ्याचदा त्याचाच असतो.