प्लास्टिकचे पायरोलिसिस

टाकाऊ प्लास्टिक हवेशिवाय तापवून त्याच्या लांब रेणुसाखळ्या तोडण्याची आणि त्यांतून तेल, वायू व मेण मिळवण्याची प्रक्रिया. बंद भट्टीत ऑक्सिजन नसल्याने प्लास्टिक पेटत नाही. साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होऊन वाफा निघतात. त्या थंड केल्या की तेल मिळते. थंड होऊनही जो वायू उरतो, तो बहुधा भट्टीच्याच इंधनासाठी वापरतात. तळाशी काजळी राहते.

भट्टीपेक्षा कचऱ्याची निवड महत्त्वाची. पिशव्यांचे पॉलिएथिलीन आणि डब्याझाकणांचे पॉलिप्रोपिलीन हे निव्वळ कार्बन-हायड्रोजनचे, म्हणून सर्वांत सोयीचे. मात्र पॉलिएथिलीनची साखळी कुठेही तुटते. त्यामुळे पेट्रोलइतक्या हलक्या रेणूंपासून मेणापर्यंतची खिचडी हाती येते. थर्माकोल ज्या रसायनापासून बनते, ते मूळ स्टायरिन त्यातून बऱ्याच प्रमाणात परत मिळते. पाइपांच्या पीव्हीसीचे मात्र चार तुकडेही नकोत. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ३०० अंशांच्या आसपासच हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओल मिळताच त्याचे आम्ल होऊन नळ्या गंजतात आणि तेलातही क्लोरीन उतरतो. पाण्याच्या बाटल्यांचे ‘पेट’ (PET) प्लास्टिक घातले तर टेरेफ्थॅलिक आम्ल नळ्यांत गोठून त्या तुंबतात. तशाही या बाटल्यांना भंगारवाल्याकडे बरा भाव असतो.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजासारखे उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया सोपी करणारे पदार्थ, वापरल्यास तापमान कमी लागते व हलके रेणू वाढतात. पण उत्प्रेरकावर कार्बन साचून तो मंदावतो, आणि हा थर जाळून त्याला पुन्हा कामाला लावावे लागते.

पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांनी घरगुती प्लास्टिक गोळा करून जेजुरीत त्यापासून तेल काढले. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली दिवसाला एक टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल देणारा प्रकल्प सुरू झाला. ‘कचऱ्यातून डिझेल’ हे शब्द बातमीत सोपे वाटतात, पण भट्टीतून निघालेल्या तेलात असंतृप्त, म्हणजे हायड्रोजन कमी असलेले आणि सहज एकमेकांना जोडले जाणारे, रेणू बरेच असतात. ते साठवणीत चिकट होते, म्हणून त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते.

हे तेल इंजिनात जाळले की त्यातला कार्बन हवेतच जातो. म्हणून युरोपीय संघाच्या कायद्यात इंधननिर्मितीला पुनर्चक्रीकरण म्हणत नाहीत. प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या भारताच्या २०२२ च्या नियमांतही प्लास्टिकपासून इंधनतेल काढणे हे सिमेंट भट्टीत जाळण्याच्याच रांगेत, अंतिम विल्हेवाटीत बसते. तेच तेल नाफ्था या हलक्या पेट्रोलियम तेलासोबत क्रॅकरमध्ये, म्हणजे रेणू तोडणाऱ्या भट्टीत, घालून पुन्हा प्लास्टिकचा कच्चा माल असलेले एथिलीन केले, तर ते त्या रांगेत येत नाही.