प्रथिनांच्या गुठळ्या आणि लोहाचे सूक्ष्म कण

घरातलं वयस्कर माणूस एकच प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा विचारू लागलं, की ठाण्यातले फॅमिली डॉक्टर आधी रक्त तपासून घ्यायला सांगतात. थायरॉइड आणि बी-१२. या दोन्हींच्या कमतरतेने विसराळूपणा येतो आणि दोन्हींवर औषध आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करणं योग्य. नौपाड्यात किंवा वाशीत दिलेलं ते रक्त ज्या यंत्रात जातं, त्यात बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण वापरलेले असतात. त्या कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती नेमका हवा तो रेणू धरून ठेवतात. मग बाहेरून चुंबक लावला की कण नळीच्या कडेला ओढले जातात आणि बाकीचं सगळं धुऊन टाकता येतं.

हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले, तर प्रश्न अवघड होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याचा विकार, असावा, म्हणजे शंभरात सातांहून अधिक जणांना. तरीही आपल्याकडे ‘आता वय झालं’ या तीन शब्दांत विषय मिटवला जातो. मला हे फार खटकतं. म्हातारपण हे कारण नाही. मेंदूत काहीतरी घडत असतं आणि ते कधीकधी वीस-वीस वर्षं आधीपासून चालू असतं.

काय घडतं, याचा पहिला धागा १९०६ साली मिळाला. डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ऑगुस्ट डेटर या रुग्ण बाईंच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना दिसले. थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि धागे टाऊ या प्रथिनाचे, हे पुढे कळलं. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन असंच साचतं. टाइप-२ मधुमेहात स्वादुपिंडात अमायलिन साचतं, तर हृदयाच्या एका आजारात ट्रान्सथायरेटिन.

ही प्रथिनं मुळात शरीराचीच. बिघडते ती त्यांची घडी. चुकीची घडी पडलेले रेणू एकमेकांना चिकटत जातात, आणि चिकटलेला पुंजका शेजारच्या चांगल्या रेणूलाही आपल्यासारखी घडी घालायला लावतो. दुधाला विरजण लावल्यासारखंच हे आहे. बराच वेळ भांड्यात काहीच झालेलं दिसत नाही, मग थोड्या वेळात सगळं दूध धरतं. प्रयोगशाळेतही प्रथिनांच्या गुठळ्या वाढण्याचा आलेख असाच येतो: लांबलचक सपाट रेषा, मग एकदम चढ, मग पुन्हा सपाट. फरक इतकाच, की विरजणात जिवंत जिवाणू असतात. इथे जिवंत काही नसतं, नुसता आकार पुढे सरकतो. अशाच पसरणाऱ्या प्रायॉन प्रथिनांच्या शोधासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. ठाण्यापासून जवळच, पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट याच सुरुवातीच्या सपाट भागावर काम करतो. अल्फा-सिन्युक्लिन आधी द्रवाच्या थेंबांसारखं एकत्र येतं आणि त्या थेंबांतून पुढे घट्ट तंतू तयार होतात, हे त्यांनी २०२० मध्ये दाखवलं.

खरी निकड आहे ती या सपाट भागाची. मोठे थर दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. अनेक संशोधकांच्या मते चेतापेशींना सर्वांत जास्त त्रास थरांचा नसून त्याआधीच्या छोट्या, विरघळणाऱ्या पुंजक्यांचा होतो. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेल्या मेंदूच्या चित्रात, थर दिसतात, पुंजके दिसत नाहीत. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासता येतं, पण त्याला घरचे लोक घाबरतात. रक्तात शोधावं तर अमायलॉइड बीटा एका मिलिलिटरमध्ये पिकोग्रॅममध्ये मोजण्याइतकंच असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

इथे लोहाचे कण कामी येतात. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचा कण साधारण वीस नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान केला, की त्याचा स्वभाव बदलतो. जवळ चुंबक असेल तोवर तो जोरात चुंबक होतो. चुंबक दूर नेला की त्याचं चुंबकत्व संपतं. त्यामुळे कण आपसांत चिकटून गोळा होत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रक्त रंगीत असतं, गढूळ असतं, त्यामुळे प्रकाशाने मोजताना अडचण येते. पण चुंबकाच्या दृष्टीने रक्त जवळजवळ रिकामं असतं. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा परिणाम इतका क्षीण असतो, की नॅनोकणाचा संकेत त्यात बुडत नाही.

तैवानमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत याचाच उपयोग केला आहे. प्रतिपिंडं बसवलेले कण रक्तद्रवात सोडतात आणि बदलतं चुंबकक्षेत्र लावतात. मोकळा कण त्या क्षेत्राच्या तालावर फिरतो. अमायलॉइड बीटा धरलेला कण जड होऊन मागे पडतो. एकूण संकेत जितका घटला, तितकं प्रथिन जास्त. हा फरक स्क्विड नावाच्या अतिसंवाहक यंत्राने मोजतात.

इतकं क्षीण चुंबकत्व मोजायचं तर भोवती विजेच्या प्रवाहांमुळे होणारा चुंबकीय गोंगाट नको. मुंबईला हे फार पूर्वी उमगलं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं गेलं. ती वेधशाळा आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. लोकलच्या रुळांलगतच्या लॅबमध्ये मात्र चुंबकीय कवच वापरून आणि ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचून हे काम करावं लागेल.

कण थेट मेंदूत पाठवून एमआरआय काढण्याचेही प्रयत्न झाले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विल्यम क्लाइन आणि विनायक द्रविड यांच्या गटांनी, नेमके ते छोटे पुंजके ओळखणारी प्रतिपिंडं चुंबकीय कणांवर बसवली आणि उंदरांना नाकावाटे दिली. आजारी उंदरांच्या मेंदूत एमआरआयवर काळ्या खुणा उमटल्या. द्रविड हे मुंबईच्या आयआयटीचेच माजी विद्यार्थी. पण उंदीर आणि माणूस यांत अंतर मोठं आहे. शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृत आणि प्लीहाच गिळतात, आणि रक्त व मेंदू यांच्यातला पडदा ओलांडणं सोपं नाही. शिवाय कणाचा पृष्ठभागच प्रथिनांवर परिणाम करतो. काही प्रयोगांत तेच कण कमी प्रमाणात असताना गुठळ्यांचा वेग मंदावला आणि जास्त प्रमाणात वाढला. म्हणून माणसाच्या बाबतीत मला कण शरीरात न सोडता काढलेलं रक्त तपासण्याचा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

मेंदूत लोहाचे कण बाहेरूनही जातात. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधक बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत गोल, गुळगुळीत मॅग्नेटाइट कण दाखवले. असे कण प्रखर उष्णतेतून, ज्वलनातून आणि घर्षणातून तयार होतात. त्यांच्यामुळे अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेलं नाही. पण घोडबंदर रोडच्या धुराकडे दुर्लक्ष करावं असंही नाही. आणि हो, ज्येष्ठांच्या गळ्यात मारल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या आणि पट्टे यांचा या विज्ञानाशी काडीचाही संबंध नाही.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अल्झायमरसाठी रक्ताच्या पहिल्या चाचणीला परवानगी दिली. लक्षणं असलेल्या, ५५ वर्षं किंवा त्यापुढच्या लोकांसाठी ती आहे. टाऊचा एक प्रकार आणि अमायलॉइड बीटा यांचं गुणोत्तर त्यात काढतात, आणि प्रथिनं पकडायला फेराइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेले, चुंबकीय कण वापरतात. हे कण नॅनोकणांपेक्षा मोठे, पण तत्त्व तेच. ही चाचणी एकटीने निदान करत नाही, डॉक्टरांच्या तपासणीला जोड देते. आपल्याकडे ती वापरताना आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर रक्तातलं हे टाऊ आजार नसतानाही वाढलेलं दिसतं, आणि मधुमेहामुळे मूत्रपिंडं थकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यामुळे नॉर्मल आकडा कोणता, हे परदेशी तक्त्यावरून न घेता इथल्याच साठीपुढच्या लोकांच्या रक्तातून ठरवावं लागेल, आणि त्या रिपोर्टशेजारी मूत्रपिंडांचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडाही ठेवावा लागेल.