कासवाला किनारा हवा, नुसती हॅचरी नाही

मार्च आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाच्या सहली ठरू लागतात. ताम्हिणी उतरायची, माणगाव-मंडणगड करत गाव गाठायचं, कुणाच्या तरी घरी मुक्काम टाकायचा आणि सकाळी दोरीमागे उभं राहून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात शिरताना बघायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीनं इथली घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची, माणसंही उकरून न्यायची.

मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढची ४५ ते ६० दिवसांची जबाबदारी वाळूची. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा तीच ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त, त्याखाली नर जास्त.

अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून राखलेल्या वाळूत, हलवायची तर पहिल्या काही तासांतच. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं जरा फिरलं तरी दगावू शकतो. म्हणून कासवमित्र पहाटेच मादीच्या पायांचा माग काढतात आणि अंडं उचलताना वरची बाजू वरच राहील असं बघतात. काम नाजूक आणि मोलाचं, पण ते प्रथमोपचाराचं. मूळ दुखणं किनाऱ्याचं आहे.

आपल्याला फोटोत आवडणारं सुरूचं बन घ्या. त्याच्या मुळांच्या जाळ्यात मादीला खड्डा खणता येत नाही. धूप थांबवायला घातलेला दगडी बंधारा तिला कोरड्या वाळूपर्यंत पोचूच देत नाही. आणि पिल्लं क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. रिसॉर्टचा हॅलोजन समुद्रापेक्षा उजळ असला, तर ती रस्त्याकडे निघतात.

ओडिशात गहिरमाथा १९९७ मध्ये अभयारण्य झालं, कारण तिथे कासवं झुंडीनं येतात. कोकणात एकेक मादी, कधी या गावात तर कधी त्या. मार्च २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी तर जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली! एका पुळणीला कुंपण घालून इथे भागणार नाही. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांत विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात आहेतच. माझ्या मते कोकणाला हंगामी राखीव किनारे हवेत: नोव्हेंबर ते मे समुद्राकडचे दिवे बंद, पुळणीवर गाड्या बंद, आणि राखणीचा मोबदला गावाला.

तोवर बुकिंग करताना समुद्राकडचे दिवे रात्री मालवतात का, एवढं विचारून घ्या. आणि गाडी गावातच लावा.