ई-सिगरेटमधला एअरफ्लो

ई-सिगरेट ओढली की बाहेरची हवा बारक्या भोकांतून यंत्रात शिरते, तापलेल्या कॉइलवरून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावरून, जाते आणि तिथली वाफ घेऊन तोंडात येते, या हवेच्या वाटेला आणि तिच्या जोराला एअरफ्लो म्हणतात. साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेकडं व्हेप, म्हणजे हीच ई-सिगरेट, ओढणाऱ्या पोरांत बोलणं चालतं ते फ्लेवरचं नाहीतर किती वॅटचा आहे याचं, पण झुरका गरम लागणार का गार, घशाला लागणार का नुसताच आत जाणार, ढग केवढा निघणार, हे बऱ्यापैकी ती बारकी भोकंच ठरवतात.

आतली रचना साधी आहे. कँथल, निक्रोम असल्या मिश्रधातूंच्या किंवा स्टीलच्या तारेचं वेटोळं नाहीतर बारीक जाळी, तिला लागून कापूस आणि कापसात मुरलेलं लिक्विड. लिक्विड म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, वर निकोटिन आणि फ्लेवर. पहिलं साधारण १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९० च्या आसपास, म्हणजे कॉइल चांगलीच तापावी लागते. तिथं हवा एकाच वेळी दोन कामं करते, वाफ उचलून नेते आणि कॉइलला गार ठेवते. वाफ हवेत मिसळून निवली की तिचे बारीक थेंब होतात आणि तेच आपल्याला पांढरं दिसतं. १९६५ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टला बिनधुराच्या सिगरेटचं पेटंट मिळालं, त्यातही मूळ कल्पना हवा गरम, ओलसर आणि चवदार करून ओढायची हीच होती.

आता वॅट तेवढेच ठेवून हवेच्या भोकावरची रिंग फिरवून भोक बारीक केलं तर कमी हवेत तेवढीच वाफ येते, त्यामुळं ती दाट आणि गरम लागते, चव ठळक येते आणि घशाला चांगलीच लागते. भोक मोठं केलं की हवा जास्त, वाफ गार आणि मऊ, चव पसरट होते, आणि पॉवर वाढवायला जागा मिळते म्हणून ढगही मोठा निघतो. पण पॉवर कमी आणि भोक सताड उघडं असेल तर हाताला काहीच लागत नाही, नुसती ओलसर हवा. ओढायच्या दोन पद्धती यावरूनच पडल्यात. आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचं असेल, म्हणजे बिडी-सिगरेटसारखं, तर एक ओहमच्या (ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध मोजायचं एकक) वरची कॉइल, १०-१५ वॅट आणि एक-दीड मिलिमीटरचं भोक. थेट छातीत ओढणाऱ्यांना अर्ध्या ओहमच्या खालची कॉइल, ४० वॅटच्या पुढं आणि मोठमोठ्या खाचा लागतात. एकाची कॉइल दुसऱ्याच्या एअरफ्लोवर चालवली की घोटाळा होतो.

हवा खालून येते का वरून, यानंही फरक पडतो. खालून आलेली हवा सरळ कॉइलवर आदळते, चव उत्तम येते, पण लिक्विड गळायची वाटही तीच. वरून हवा घेणारे टँक, म्हणजे लिक्विडच्या टाक्या, कमी गळतात. बिनबटणाच्या पॉडमध्ये, म्हणजे छोट्या ई-सिगरेटमध्ये, तर हवा हाच स्विच असतो, ओढल्यावर आत दाब कमी होतो, सेन्सरचा पातळ पडदा वाकतो आणि करंट सुरू होतो, म्हणून भोकात खिशातला कचरा अडकला की पॉड पेटत नाही आणि सेन्सरपर्यंत लिक्विड पोचलं तर कधी कधी न ओढताच पेटतो. भोक फार आवळून जोरात ओढलं तरी लिक्विड कॉइलमध्ये नको तेवढं खेचलं जातं, गुरगुर आवाज येतो आणि तोंडात थेंब उडतात.

आपल्या भागात याचा खरा अनुभव घाटात येतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि महाबळेश्वर १३०० च्या वर, त्यामुळं वाईवरून पसरणीचा घाट चढताना बाहेरचा दाब कमी होत जातो, अर्ध्या भरलेल्या टँकमधली कोंडलेली हवा फुगते आणि लिक्विडला कॉइलमधून हवेच्या वाटेत ढकलते, खिसा चिकट होतो तो यामुळं. वर थंडीत ग्लिसरीन घट्ट होतं आणि कापसात हळू मुरतं, तर सांगलीच्या मे महिन्यात तेच पातळ होऊन आपोआप पाझरतं.

सगळ्यात लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे कोरडा झुरका. पॉवर जास्त, हवा कमी आणि कापूस सुकलेला असं जुळून आलं की तापमान भडकतं, कापूस करपतो आणि लिक्विडचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीनसारखी विषारी रसायनं तयार होतात. करपट चव लगेच कळते, पण त्याच्या अलीकडं, चव अजून बरी असतानाही ही रसायनं थोडीफार बनतच असतात. आणि झुरका मऊ लागला म्हणजे निकोटिन कमी गेलं असं अजिबात नाही, मोठ्या हवेच्या यंत्रात एका झुरक्यात लिक्विडच कितीतरी जास्त उडतं, म्हणून मिलिलीटरला ३ मिलिग्रॅम निकोटिन असलेलं लिक्विडही भरपूर निकोटिन देऊ शकतं. कॉलेजातल्या पोरांना घशाला लागत नाही म्हणून हे निरुपद्रवी वाटतं, तिथंच सवय लागते, हे घरच्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि मग त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात सगळं बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, नुसता साठा केला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी चोरून जे हाती पडतं त्याची कॉइल किती ओहमची, लिक्विडात निकोटिन किती, हे डब्यावर छापलंय तेवढंच, ते इथं कुणी तपासलेलं नसतं.